शार्दँ : उतरंडीच्या तळाशी बसून अकादमी सांभाळणारा चित्रकार

तिरपी रेघ (धागाकर्ती)

अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकलेचा विषय निघाला की बूशेच्या गुलाबी देवता आणि फ्रागोनारचे झोपाळे यांवरच बहुतेक बोलणे खर्च होते, आणि त्यांचा समकालीन ज्याँ सिमेओं शार्दँ याची बोळवण 'स्वयंपाकघराचा चित्रकार' या दोन शब्दांत होते. त्याच्याविषयी जे थोडेफार वाचनात येते, त्यात एक ठरावीक प्रतिमा दिसते. दरबारी झगमगाटापासून दूर राहणारा, भांडीकुंडी आणि फळे रंगवत बसलेला, जगाने फारशी दखल न घेतलेला साधा भोळा कारागीर, अशी ती प्रतिमा आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. उरलेली अर्धी बाजू मांडावी आणि जाणकारांची मते ऐकावीत, यासाठी हा धागा काढत आहे.

शार्दँचा जन्म २ नोव्हेंबर १६९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील सुतारकामातले कसबी कारागीर होते आणि राजवाड्यासाठी बिलियर्डची टेबले बनवण्याचे काम त्यांच्याकडे असे. मुलाने चित्रकला शिकावी असे ठरले तेव्हा त्याला पिएर-जाक काझ याच्याकडे आणि नंतर नोएल-निकोला क्वापेल याच्याकडे पाठवण्यात आले. दोघेही इतिहास आणि पुराणकथा रंगवणारे चित्रकार होते. क्वापेलने एका शिकाऱ्याच्या व्यक्तिचित्रातील बंदूक रंगवण्याचे काम त्याला दिले आणि प्रकाश कोठून पडतो आहे हे नीट बघून ती बंदूक समोर ठेवायला लावली, अशी आठवण सांगितली जाते. एका बंदुकीसाठी एवढा खटाटोप करावा लागतो, हे त्या तरुणाला बहुधा तेव्हा प्रथमच उमगले असावे.

१७२८ साली त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. पॅरिसच्या प्लास दोफीन या चौकात एका धार्मिक सणाच्या दिवशी तरुण चित्रकार आपली चित्रे उघड्यावर मांडत असत. तेथे शार्दँने मांडलेल्या चित्रांत 'पाकट' हे चित्र होते, ज्यात पोट फाडलेला पाकट मासा आकड्याला टांगलेला आहे. ते पाहून काही अकादमी-सदस्यांनी त्याला राजाश्रित चित्र-शिल्प अकादमीत अर्ज करण्यास सुचवले. त्याने आपली चित्रे अकादमीच्या बाहेरच्या दालनात जणू सहज ठेवल्यासारखी लावली. ज्येष्ठ चित्रकार लार्जिलिएर तेथून जात असताना थबकला, कोणा जुन्या फ्लेमिश उस्तादाची ही उत्तम कामे असावीत असे म्हणाला, आणि चित्रकार समोरच उभा आहे हे कळल्यावर त्याने त्याची पाठराखण केली. २५ सप्टेंबर १७२८ रोजी प्राथमिक मान्यता आणि पूर्ण सदस्यत्व अशा दोन्ही पायऱ्या शार्दँने एकाच दिवशी चढल्या. एरवी या दोन पायऱ्यांमध्ये बरीच वर्षे जात.

सदस्यत्व मिळाले, पण कोणत्या वर्गात? 'प्राणी आणि फळे' रंगवणारा म्हणून. अकादमीत चित्रप्रकारांची पक्की उतरंड होती. सर्वांत वर इतिहास, धर्म आणि पुराण, त्याखाली व्यक्तिचित्र, मग दैनंदिन जीवनाची दृश्ये, निसर्ग आणि प्राणी, आणि अगदी तळाशी निर्जीव वस्तू. तळाच्या वर्गातल्या चित्रकाराला अकादमीत प्राध्यापक होता येत नसे, कारण ते पद इतिहासचित्रकारांसाठी राखलेले होते. तरीही हाच माणूस १७४३ मध्ये अकादमीचा सल्लागार-सदस्य झाला, १७५५ मध्ये खजिनदार झाला, त्याच सुमारास लूव्र राजवाड्यातील (आजचे संग्रहालय) सालाँ या अकादमीच्या प्रदर्शनात चित्रे टांगण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली, आणि १७५७ मध्ये राजाने त्याला खुद्द लूव्रमध्ये राहण्याची जागा दिली. पंधराव्या लुईकडून १७५२ पासून त्याला ५०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) वार्षिक तनखा मिळत होता. याला दुर्लक्षित कारागीर म्हणणे कठीण आहे. मला तर तो पन्नास वर्षे संस्थेच्या गाभाऱ्यात वावरलेला, तिचे नियम आतून-बाहेरून जाणणारा आणि तरीही तळाचा विषय न सोडणारा माणूस दिसतो. त्याच्या चित्रांतील शांतता भोळेपणातून आलेली नसून निवडीतून आलेली आहे, असे माझे म्हणणे आहे.

---

पाणीरंग

धागा आवडला. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि ग्रेड परीक्षेसाठी मुलांकडून दरवर्षी स्थिरचित्राचा सराव करून घेतो. तांब्या, दोन फळे आणि मागे घड्या पाडलेले कापड हा आमचा ठरलेला संच असतो. म्हणून शार्दँच्या तंत्राबद्दल थोडे लिहितो, कारण तुम्ही म्हणता ती निवड तेथेच स्पष्ट होते.

'पाकट' या चित्रात तरुण चित्रकाराचा मिरवण्याचा सोस दिसतो, आणि तो लपवण्याचा प्रयत्नही नाही. डावीकडे केस पिंजारलेले मांजर उघड्या कालवांवर पाय देऊन उभे आहे, मधोमध तो मासा माणसाच्या चेहऱ्यासारखा विव्हळत हसतो आहे, आणि उजवीकडे जग, तवा, झारा यांची गर्दी असून सुरीची मूठ टेबलाच्या कडेबाहेर आली आहे. मूठ बाहेर काढणे ही डच आणि फ्लेमिश चित्रकारांची जुनी युक्ती आहे, तिच्यामुळे पाहणाऱ्याला टेबलाची खोली जाणवते. थोडक्यात, मला हे सगळे जमते असे त्या चित्रातून शार्दँ परीक्षकांना सांगत होता.

यानंतरची त्याची वाटचाल म्हणजे एकेक वस्तू काढून टाकण्याची वाटचाल आहे. पिट्सबर्गच्या संग्रहालयातील १७६१ च्या सुमाराचे एक चित्र घ्या. त्यात पाण्याचा पेला, काळपट कॉफीपात्र आणि लसणाचे कांदे आहेत, बाकी काही नाही. लूव्रमधील 'चांदीचा पेला' या १७६८ च्या सुमाराच्या चित्रात तीन लाल सफरचंदे, दोन चेस्टनट, चमचा ठेवलेला वाडगा आणि तो पेला एवढाच संसार आहे. पेल्याच्या पोटावर सफरचंदांचा तांबूसपणा उतरलेला आहे, आणि वस्तूंच्या सावल्यांतही तो रंग किंचित मुरलेला आहे. प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूचा रंग थोडासा उसना घेते. मुलांना मी नेहमी हेच सांगतो की वस्तूचा रंग तिच्या एकटीचा नसतो, पण ते पटवून द्यायला या चित्रासारखे उदाहरण नाही.

त्याचा मित्र आणि चरित्रकार कोशँ याने एक प्रसंग नोंदवला आहे. शार्दँला मेलेला ससा रंगवायचा होता. आपण आजवर जे पाहिले आणि इतरांनी जसे रंगवले ते सगळे विसरायला हवे, असे त्याने ठरवले. ससा त्याने इतक्या अंतरावर ठेवला की केसन् केस दिसू नये, आणि मग एकूण आकारमान, रंगांची पातळी, प्रकाश आणि सावली यांवर लक्ष दिले. ऊद्रीसारखा त्याचा समकालीन प्राणिचित्रकार सशाचे केस मोजता यावेत असे रंगवत असे. शार्दँचा ससा जवळून पाहिला तर रंगाचे खरबरीत थर दिसतात, ससा नाही. हे अंतर ठरवणे हाच त्याच्या कामाचा पाया आहे, आणि त्यात भोळेपणा अजिबात नाही.

---

सेपिया

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे. शार्दँ 'तळाचा विषय न सोडणारा' होता हे पूर्ण खरे नाही. १७३३ च्या सुमारास तो वस्तूंकडून माणसांकडे वळला आणि पुढची जवळजवळ पंधरा वर्षे घरगुती दृश्ये रंगवत राहिला. हे वळण कसे आले याची एक मजेदार हकीकत आहे. आवेद हा त्याचा व्यक्तिचित्रकार मित्र एका बाईचे चित्र ४०० लिव्रला करायला तयार नव्हता, ती रक्कम त्याला कमी वाटत होती. घे की, असे शार्दँने सुचवताच आवेद म्हणाला की व्यक्तिचित्र करणे सॉसेज रंगवण्याइतके सोपे असते तर घेतले असते. टोमणा लागला असणार. लवकरच शार्दँने पत्रावर लाखेची मोहोर उठवणारी स्त्री रंगवली आणि मग साबणाचे फुगे, पत्त्यांचा बंगला, भोवरा आणि भाजी साफ करणारी मोलकरीण ही चित्रे एकामागून एक आली.

म्हणजे उतरंडीत वर सरकण्याची इच्छा त्यालाही होती. एक पायरी तो चढला, आणि तिचा व्यावहारिक लाभही झाला. या चित्रांवरून लेपिसिए, लोरां कार, थोरला कोशँ (चरित्रकार कोशँचा पिता) इत्यादींनी मुद्राचित्रे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या प्रती, काढली, ती सर्वत्र विकली गेली आणि ज्यांना मूळ चित्र घेणे परवडणारे नव्हते अशांच्या भिंतींवर शार्दँ पोहोचला. मूळ चित्रे मात्र कोणाकडे गेली ते पाहण्यासारखे आहे. स्वीडनचा राजदूत तेसीन, स्वीडनची राणी लुइसा उलरिका, लिख्टेनश्टाइनचा राजपुत्र, रशियाची कॅथरीन, प्रशियाचा फ्रेडरिक ही मंडळी त्याची ग्राहक होती. नोव्हेंबर १७४० मध्ये व्हर्सायला पंधराव्या लुईसमोर त्याला उभे करण्यात आले, तेव्हा त्याने 'जेवणापूर्वीची प्रार्थना' आणि 'कष्टाळू आई' ही दोन चित्रे राजाला भेट दिली. मोलकरणींच्या चित्रांना युरोपभरच्या राजवाड्यांत मागणी होती. त्याला 'सामान्यांचा चित्रकार' म्हणताना ही यादी नजरेआड करू नये.

---

तिरपी रेघ

सेपिया, आवेदची हकीकत मी मुद्दाम टाळली होती, कारण ती फारच नेटकी वाटते. तरी तुमचा मुद्दा मान्य आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागेल. १७४० च्या दशकाच्या अखेरीपासून तो पुन्हा वस्तूंकडे परतला आणि शेवटपर्यंत तैलरंगात प्रामुख्याने तेच करत राहिला. वरची पायरी चढून, तेथे यश मिळवून, पुन्हा खाली उतरण्याचा हा निर्णय मला अधिक बोलका वाटतो. तोवर राजा त्याला ओळखत होता आणि मुद्राचित्रे खपत होती, त्यामुळे मागणी नाही म्हणून तो उतरला असे म्हणता येत नाही.

मुद्राचित्रांखाली छापलेल्या कवितांबद्दलही बोलायला हवे. पत्त्यांचा बंगला रचणाऱ्या मुलाच्या चित्राखाली मानवी महत्त्वाकांक्षा किती पोकळ असतात असा उपदेश छापला गेला. अशा ओळी सहसा मुद्राचित्रकारच जोडत, शार्दँ नव्हे. मूळ चित्रात आपल्याला दिसतो तो फक्त एक मुलगा, जो पुढचे पान ठेवताना श्वास रोखून बसला आहे. त्याची ही स्थिती शार्दँने पाहिली आणि रंगवली. उपदेश विक्रीसाठी लागत होता, त्यामुळे तो नंतर चिकटवला गेला.

'जेवणापूर्वीची प्रार्थना' या चित्रातही हेच घडते. आई टेबलावर वाढता वाढता थबकली आहे आणि धाकटे मूल हात जोडून प्रार्थना म्हणते आहे. त्याने झगा घातला असला तरी तो मुलगा आहे, कारण त्या काळी लहान मुलग्यांनाही झगे घालत. छोट्या खुर्चीच्या पाठीला त्याचा खेळण्यातला ढोल अडकवलेला आहे. मोठी बहीण त्याच्याकडे पाहते आहे. प्रार्थनेचे शब्द विसरले की काय, पुढचा शब्द आईने सुचवायचा आहे की काय, असा तो क्षण आहे. धर्मनिष्ठेचे चित्र म्हणून ते नावाजले गेले, पण माझी नजर दर वेळी त्या ढोलावरच जाते, कारण प्रार्थना संपताच तो वाजणार हे उघड आहे.

---

उंबरठा

सालाँमध्ये चित्रे टांगण्याच्या कामाबद्दल धाग्यात एकच वाक्य आले आहे, त्यात भर घालतो. १७३७ पासून लूव्रच्या मोठ्या चौकोनी दालनात अकादमीची प्रदर्शने नियमित होऊ लागली. तेथे चित्रे आजच्यासारखी एका ओळीत सुटसुटीत लावत नसत. जमिनीपासून छतापर्यंत भिंत गच्च भरलेली असे. कोणाचे चित्र डोळ्यांच्या पातळीवर आणि कोणाचे छताला, यावर माणसाची पत आणि पुढची कामे ठरत. ज्याच्या हातात हे टांगणे होते, त्याला चाळीस-पन्नास सहकाऱ्यांचे अहंकार सांभाळायचे होते. शार्दँने हे काम जवळपास वीस वर्षे केले. तत्त्वचिंतक आणि कलासमीक्षक दिदरोने एका ठिकाणी त्याला खट्याळ म्हटले आहे, कारण कोणते चित्र कोणाच्या शेजारी टांगले म्हणजे पाहणाऱ्यांना तुलना करावीच लागेल, हे शार्दँ बरोबर ओळखत असे आणि आपली टिप्पणी न बोलता भिंतीवर करून मोकळा होत असे.

दिदरोचे सालाँवरचे लेखन आज सहज मिळते, त्यामुळे त्या काळी सारे पॅरिस ते वाचत होते असा समज होतो. प्रत्यक्षात ग्रिमच्या हस्तलिखित पत्रिकेतून ते फक्त काही राजघराण्यांतील वर्गणीदारांकडे जात असे. म्हणजे शार्दँची सर्वांत सुंदर स्तुती त्याच्याच शहरातील बहुतेकांनी वाचलेली नव्हती. १७६३ च्या प्रदर्शनाबद्दल लिहिताना दिदरो म्हणतो की इतरांची चित्रे पाहण्यासाठी डोळे सरावून घ्यावे लागतात, शार्दँची पाहण्यासाठी निसर्गाने दिलेले डोळे तेवढे नीट वापरले की पुरे. जवळ गेले की सगळे पुसट, सपाट होऊन नाहीसे होते आणि मागे सरले की पुन्हा सगळे आकार घेते, हेही त्यानेच नोंदवले. पाणीरंग यांनी सशाबद्दल सांगितले त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

त्याच दिदरोने १७६५ च्या लेखनाच्या आरंभी शार्दँचे एक भाषण दिले आहे, ते मला या धाग्याच्या मुख्य प्रश्नाशी थेट जोडलेले वाटते. समीक्षकांना शार्दँ सांगतो की जरा सबुरीने घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती खडू देतात, मग तो वर्षानुवर्षे मुद्राचित्रांवरून, प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, नग्न मॉडेलवरून रेखाटने करत बसतो, दिव्याच्या उजेडात डोळे गाळतो, आणि विशीला पोहोचल्यावर त्याला कळते की आपल्याला हे जमणार नाही. तेव्हा दुसरे काही शिकण्याचे वयही उरलेले नसते. प्रदर्शनातल्या सर्वांत वाईट चित्रामागेही एवढे कष्ट आहेत. पुढे तो म्हणतो की कलेतली अडचण ज्याला जाणवलीच नाही, त्याच्या हातून काही धड होत नाही. आणि माझ्या मुलासारखी ती ज्याला फार लवकर जाणवली, त्याच्या हातून काहीच होत नाही.

हा मुलगा म्हणजे ज्याँ-पिएर. शार्दँने त्याला स्वतःच्या वाटेने नेले नाही, इतिहासचित्रकार होण्यासाठी वाढवले. १७५४ मध्ये त्याला रोमला जाण्याचे मानाचे पारितोषिक मिळाले आणि १७५७ मध्ये तो इटलीला गेला. १७६२ मध्ये परतताना इंग्रज चाच्यांनी त्याला जिनोआच्या किनाऱ्याजवळ पकडले, नंतर सोडले. पुढे व्हेनिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. तो कालव्यात बुडाला आणि बहुधा तो अपघात नव्हता, असे मानले जाते. उतरंड आपल्यापुरती बाजूला ठेवणाऱ्या बापाने मुलाला मात्र तिच्याच शिखराकडे ढकलले. धागाकर्तीने मांडलेल्या 'निवडी'चा विचार करताना हा हिशेबही मांडावा लागेल.

---

कोरा कॅनव्हास

उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. तरी एक शंका विचारतो. शार्दँ आपल्याच चित्रांच्या प्रती काढत असे. प्रार्थनेच्या चित्राच्या दोन आवृत्त्या लूव्रमध्येच आहेत आणि एक सेंट पीटर्सबर्गमध्ये. बाजारातून परतलेल्या मोलकरणीच्या चित्राच्या आवृत्त्या पॅरिस, बर्लिन आणि ओटावा येथे आहेत. साबणाचे फुगे उडवणारा मुलगा तर न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस अशा तीन ठिकाणी भेटतो. एवढ्या सावकाशीने, वस्तू डोळ्यांसमोर ठेवून काम करणारा चित्रकार तेच चित्र पुन्हा पुन्हा का काढत असेल? केवळ पैशासाठी का?

दुसरे म्हणजे, १७७० साली तो 'राजाचा प्रमुख चित्रकार' झाला असे आंतरजालावर काही ठिकाणी लिहिलेले दिसते. ते खरे असेल तर उतरंडीचा सगळा मुद्दाच कोसळतो.

---

तिरपी रेघ

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. ती माहिती चुकीची आहे. १७७० मध्ये बूशेचे निधन झाल्यावर ते पद ज्याँ-बाप्तिस्त मारी पिएर याला मिळाले, जो इतिहासचित्रकार होता. फळे रंगवणाऱ्याला ते मिळणे त्या व्यवस्थेत शक्यच नव्हते. उलट पिएरच्या कारकिर्दीत शार्दँचे अकादमीतील वजन घटत गेले. १७७४ मध्ये त्याने खजिनदारपद सोडले आणि प्रदर्शनाची मांडणीही त्याच्या हातून गेली. खजिनदार म्हणून त्याने काय केले, यावर कोणी फारसे लिहीत नाही. त्याने सूत्रे घेतली तेव्हा संस्थेचे हिशेब पुरते विस्कटलेले होते, आणि ते मार्गी लावताना त्याची दुसरी पत्नी फ्रांस्वाझ-मार्गरीत पूजे हिने कागदपत्रांत त्याला मदत केली.

प्रतींविषयी माझे मत असे आहे की त्यात पैशाचा भाग होताच. शार्दँ फार संथ काम करत असे आणि आज त्याची सुमारे २०० चित्रेच शिल्लक आहेत, हे पाहता मागणी असलेल्या चित्राची प्रत काढणे साहजिक होते. पण पैशाखेरीज आणखी काही असावे असे वस्तूंकडे पाहून वाटते. पहिली पत्नी मार्गरीत सँतार १७३५ मध्ये वारली, लग्नाला चारच वर्षे झालेली असताना. त्यानंतर १७३७ मध्ये घरातील चीजवस्तूंची जी यादी झाली, तिच्यातील काही वस्तू चित्रांत ओळखता येतात. त्यांपैकी एक तांब्याचे पिंप आहे, ज्यात पिण्याचे पाणी साठवत. लूव्रमधील, लाकडी फळीवर रंगवलेल्या एका लहानशा चित्राचा विषयच ते पिंप आहे. तीन पायांच्या लाकडी घोडीवर ते ठेवले आहे, झाकणावर आणि पोटावर तांब्याचा मंद लाल उजेड आहे, पायाशी बादली आणि जग. तेच पिंप पाणी भरणाऱ्या बाईच्या चित्रात येते आणि बाजारातून परतलेल्या मोलकरणीच्या मागच्या खोलीतही दिसते. एकाच भांड्याकडे इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहणाऱ्याला एकच दृश्य दोनदा रंगवण्यात कंटाळा वाटला नसावा.

---

पाणीरंग

पेस्टलबद्दल, म्हणजे रंगीत खडूंनी केलेल्या चित्रांबद्दल, अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. म्हातारपणी दृष्टी अधू झाल्यावर आणि प्रकृतीला तैलरंग झेपेनासे झाल्यावर त्याने पेस्टल हाती घेतले. रंगांतील शिशामुळे त्याचे डोळे बिघडले असावेत असे काही अभ्यासक म्हणतात. १७७१ चे चष्मा लावलेले आत्मचित्र आणि १७७५ चे, डोळ्यांवर उजेड अडवणारी झापड बांधलेले आत्मचित्र, ही दोन्ही लूव्रमध्ये आहेत. १७७५ मध्येच त्याने पत्नीचेही पेस्टल केले. या आत्मचित्रांतला वेश म्हणजे डोक्याला गुंडाळलेले कापड, गळ्यात रुमाल, नाकावर घसरलेला चष्मा, असा अगदी घरचा आहे. अकादमीचा इतका जुना सदस्य सार्वजनिक प्रदर्शनात स्वतःला असे दाखवतो, यात मला थोडा मिश्कीलपणा वाटतो.

तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर गालावर आणि कपाळावर निळ्या-हिरव्या रेघा सरळ न मिसळता ठेवलेल्या आहेत. दूर गेले की त्या कातडीत विरतात. तैलरंगात आयुष्यभर जे केले तेच तो खडूने करतो आहे, फक्त आता थर लपवण्याची गरज त्याला वाटत नाही. १७७९ च्या प्रदर्शनात त्याचे एका पोऱ्याचे पेस्टल राजकन्या व्हिक्त्वारला इतके आवडले की तिने त्याला सोन्याची तपकिरीची डबी पाठवली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला तो वारला.

---

सेपिया

मृत्यूनंतर त्याचे नाव जवळजवळ पुसले गेले, हेही नोंदवायला हवे. नवअभिजात शैलीच्या लाटेत रोमन वीरांसमोर तांब्याच्या पिंपाला कोण विचारणार होते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात समीक्षक थोरे आणि लेखक गाँकूर बंधू यांनी त्याला पुन्हा उजेडात आणले, आणि १८६९ मध्ये ला काझ नावाच्या डॉक्टरने आपला संग्रह लूव्रला दिला तेव्हा त्यातून शार्दँची बरीच चित्रे तेथे आली. चित्रकार मातीस तरुणपणी लूव्रमध्ये बसून 'पाकट' या चित्राची नक्कल करत होता, आणि पुढे चित्रकार सुतीनने स्वतःचे पाकट रक्तबंबाळ करून रंगवले.

आजचा भाव सांगतो. १७६१ च्या प्रदर्शनात मांडलेले 'रानस्ट्रॉबेरीची टोपली' हे छोटे चित्र मार्च २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात शुल्कासह २ कोटी ४० लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. परदेशी खरेदीदाराकडे ते जाऊ नये म्हणून फ्रान्सने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला, आणि लूव्रने देणग्या गोळा करून २०२४ मध्ये ते मिळवले. उतरंडीच्या तळाशी असलेल्या या प्रकारासाठी सर्वसामान्य लोकांनीही वर्गणी दिली. अठराव्या शतकातल्याच वातो या चित्रकाराचे 'सिथेरा' हे प्रसिद्ध चित्र लूव्रमध्ये आहेच, पण त्यासाठी आज कोणी वर्गणी काढेल का, असा खोडसाळ प्रश्न विचारून थांबतो.

---

कोरा कॅनव्हास

वर्गणी निघेल, सेपिया, पण मी देणार नाही! पुढच्या काही महिन्यांत कामानिमित्त पॅरिसला जाण्याचा योग आहे आणि लूव्रसाठी एकच दुपार मिळणार आहे. शार्दँचे नेमके काय पाहावे?

---

तिरपी रेघ

एकच दुपार असेल तर 'पाकट' आधी पाहावे आणि मग लगेच 'चांदीचा पेला'. या दोन चित्रांमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे आणि पाणीरंग यांनी सांगितलेली वस्तू कमी करत जाण्याची वाटचाल तेवढ्यातच लक्षात येईल. त्यानंतर १७६० चे 'ऑलिव्हची बरणी' पाहावे, ज्यातली बिस्किटे उचलून खावीत आणि पेला तोंडाला लावावा असे दिदरोला वाटले होते. रानस्ट्रॉबेरीचे चित्र दिसले तर टोपलीच्या त्या लाल शंकूवर फार वेळ घालवू नका, डावीकडचा पाण्याचा पेला आणि समोरची दोन पांढरी कार्नेशनची फुले बघा, कारण लाल रंगाला तोलून धरण्याचे काम तीच करतात. प्रत्येक चित्र आधी पाच-सहा पावलांवरून आणि मग पहारेकरी हटकेल इतक्या जवळून पाहावे.

आत्मचित्रांचा मात्र भरवसा धरू नका. पेस्टलला प्रकाश सोसत नाही, त्यामुळे ती चित्रे कायम भिंतीवर नसतात, आणि काही दालने आठवड्यातील ठरावीक दिवशी बंद असतात. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या, आणि परतल्यावर येथे लिहा.